उंदीर की माणूस, तेही छापत जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करडई-सूर्यफुलाच्या तेलानं लिव्हरला सूज येते, त्यापेक्षा तूप-खोबरेल हवं तेवढं खा, असं तुमच्या आरोग्य पुरवणीत छापून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक कात्रण घेऊन दुकानात यायला लागले. माझा कोथरूडला लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस, खोबरं सगळंच काढतो, त्यामुळे कुठलंही तेल खपलं तरी माझं काही जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात केमिस्ट्री होती आणि मुलगी डाएटिशियन आहे, म्हणून हा विषय घरात रोज चघळला जातो.

लेखात जे लिहिलंय ते सगळंच हवेतलं नाही. करडईच्या नेहमीच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलिक ॲसिड असतं, म्हणजे ओमेगा सिक्स जातीची चरबी. शरीरात त्यापासून ॲराकिडॉनिक ॲसिड बनतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन अशी सूज आणणारी रसायनं. ॲस्पिरिन याच साखळीत खोडा घालते, ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ते दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता यावरून करडई जास्त म्हणजे सूज जास्त असं वाटणार हे साहजिक आहे, पण शरीर असं त्रैराशिक मांडत नाही. लिनोलिक ॲसिड जास्त खाल्लं म्हणून रक्तातलं ॲराकिडॉनिक त्या प्रमाणात वाढत नाही, आणि माणसांवरच्या चाचण्यांत सीआरपीसारखे (रक्ततपासणीत मिळणारे) सुजेचे आकडेही वर गेलेले दिसत नाहीत.

मग तूप-चरबीनं लिव्हर वाचतं हे आलं कुठून? उंदरांकडून. उंदरांना सतत दारू आणि सोबत मक्याचं तेल दिलं तर लिव्हर जास्त खराब झालं, दारूसोबत गाईची चरबी दिली तर कमी झालं, असे प्रयोग खरंच झालेत. पण ते दारूवरचे उंदीर होते हो! दारू न पिणाऱ्या माणसांत गोष्ट उलटी निघाली. स्वीडनमधल्या उप्पसालाला २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना सात आठवडे जादाचे मफिन खायला घातले, काहींना पाम तेलाचे (त्यात तूप-खोबरेलासारखंच सॅच्युरेटेड फॅट जास्त), काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, लिव्हरमधली चरबी मात्र पामवाल्यांची जास्त वाढली. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी तीन आठवडे रोज १००० कॅलरी जास्त दिल्या, तर सॅच्युरेटेड फॅटवाल्यांची लिव्हरची चरबी ५५ टक्के वाढली, साखरवाल्यांची ३३ आणि अनसॅच्युरेटेडवाल्यांची १५. म्हणजे ‘चांगल्या’ तेलानंसुद्धा वाढलीच. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते आवडत नाही, त्यांना फक्त तेलाचं नाव हवं असतं!

आणि फॅटी लिव्हरवाल्यांच्या लिव्हरमधली सगळी चरबी काही कढईतून आलेली नसते. एका गाजलेल्या अभ्यासात जवळपास ६० टक्के अंगावरच्या चरबीतून आलेली निघाली, पाव हिस्सा लिव्हरनं साखर-मैद्यातून स्वतः तयार केलेला आणि थेट जेवणातल्या तेलातुपातून साधारण १५ टक्केच. लिव्हर साखरेतून जे बनवतं तेही मुख्यतः पाल्मिटिक ॲसिडच, पाम तेलातलं जे मुख्य सॅच्युरेटेड फॅट तेच. त्याचा साठा फार झाला की लिव्हरच्या पेशी दुखावतात, तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे लिव्हरच्या पहारेकरी पेशी, चवताळतात, सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं राहिली की व्रण धरून पुढे सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कडक होण्यापर्यंत, जातं. दुखत काही नाही. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल येऊनही आत हे चालू असू शकतं.

तरी पुण्यातली बारीक माणसं म्हणतात आमचा काय संबंध. आपल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा लॅन्सेटमधला २००४ चा फोटो बघा म्हणावं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक आणि आतून चरबी, ही आपल्या लोकांची तऱ्हा आहे.

जवसाचं विचारतात म्हणून सांगतो, त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा थ्री असतं, पण त्याचं बांगड्यात मिळतं तसलं ईपीए-डीएचए, म्हणजे माशांतलं ओमेगा थ्री, शरीरात फार थोडं बनतं. चटणी जरूर खा, औषध समजून नको, आणि ते तेल फोडणीला तर अजिबात नको. ओमेगा थ्रीच्या कॅप्सूलनं लिव्हरची चरबी थोडी उतरते, व्रण भरून येतात असं काही दिसलेलं नाही. त्यापेक्षा वजन ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही उतरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या माणशी रोजच्या ताटात २००० कॅलरीला २७ ग्रॅम तेलतूप आहे. चौघांचा महिन्याचा हिशोब सव्वातीन किलो होतो, त्यात तूपही आलं, आणि इथं चौघांच्या घरात पाच किलोचा कॅन महिनाभर पुरत नाही, बाहेरची खारी, फरसाण, वडापाव वेगळंच.

तेव्हा विनंती एवढीच की असे लेख छापताना प्रयोग उंदरांवरचा की माणसांवरचा, दारूसोबतचा की बिनदारूचा, आणि तेल किती दिलं होतं, एवढं लेखकाला विचारून छापत जा. आणि त्या लेखातला रोज चार चमचे खोबरेल चहात घालून प्यायचा सल्ला आहे ना, त्याचा खुलासा पुढच्या पुरवणीत नक्की द्या, कारण फॅटी लिव्हर आणि शुगर दोन्ही असलेली माणसं तो वाचून माझ्याकडे तेलाची बाटली मागतायत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे