हुतात्म्यांच्या यादीतली निपाणी

महोदय,

महाराष्ट्र दिनाची आपली पुरवणी काल वाचली. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, शिवाजी पार्कवरचा मंगल कलश, सगळे आले. मुंबईसाठी रक्त सांडलेल्यांबद्दल लिहाल तेवढे थोडेच. पण 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचे स्वप्न १ मे १९६० रोजी साकार झाले' हे वाक्य वाचले आणि पान बाजूला ठेवले. मुंबई मिळाली, हे खरे. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी कुठे आहेत?

मुंबई केंद्रशासित होणार, अशी घोषणा १६ जानेवारी १९५६ ला झाली. दुसऱ्याच दिवशी बेळगावात गोळ्या चालल्या. त्या माणसांना मुंबईत घर नव्हते की गिरणीत नोकरी नव्हती. हुतात्म्यांच्या यादीत बेळगावचे मारुती बेन्नाळकर आहेत, आमच्या निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत. आपल्या चार पानांत त्यांच्यासाठी एक ओळ निघाली नाही.

मला हे जास्त लागले त्याला कारण आहे. माझी नात मुंबईत सहावीत शिकते. मागे महाराष्ट्र दिनाच्या भाषणात तिने कमलाबाईंचे नाव लिहिले, मीच फोनवर सांगितले होते. वर्गाच्या बाईंनी ते खोडले. म्हणाल्या, "निपाणी कर्नाटकात आहे, इथे कशाला?" पोरीने फोन करून विचारले, "आजोबा, मग त्या कोणासाठी गेल्या?" मला बोलता येईना. त्या बाईंना तरी काय दोष देऊ? त्यांनी आयुष्यभर अशाच पुरवण्या वाचल्या असणार.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. हुतात्म्यांची आठवण ठेवायला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. सीमाभागाच्या बातम्या आपण फक्त कोल्हापूर आवृत्तीत छापता. १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा दिन पाळतो, १ नोव्हेंबरला काळा दिन. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातले काही दिसतच नाही. आम्हाला आमच्याच बातम्या वाचून काय करायचे?

येत्या १७ जानेवारीला हुतात्म्यांची संपूर्ण यादी, प्रत्येकाच्या गावासकट, सर्व आवृत्त्यांत पहिल्या पानावर छापावी, ही विनंती. ते पान मी नातीच्या शाळेला स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक जुना वाचक, निपाणी