रविवारी थ्रस्ट चाचणी, येण्याआधी वाचा

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता फोंड्याच्या शेडमध्ये आपल्या उडत्या मॉडेलच्या मोटर-प्रोपेलरचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, मोजायचा आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करूनच आणा, सेलमागे ४.२ व्होल्ट. गेल्या खेपेला अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फुकट गेले. त्यात माझेही होते.

वजनकाटा स्वयंपाकघरातला, ५ किलोचा, पुरतो. एका हातावर मोटर आणि दुसरा हात काट्यावर दाबणारा, अशा एल आकाराच्या दांडीचे दोन्ही हात सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर काटा खोटं बोलतो. प्रोपेलरच्या झोतात टेबल किंवा भिंत येऊ देऊ नका. ५० टक्के थ्रॉटलला किती ग्रॅम, किती अँपिअर हे आधी लिहा. पूर्ण थ्रॉटल ५ सेकंदच, मोटर तापते. आपली गरम, दमट हवा विरळ असते, तेव्हा कंपनीच्या तक्त्यापेक्षा आकडा थोडा कमी आला तर मोटरला शिव्या नकोत.

पाती ज्या पातळीत फिरतात, त्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा सक्तीचा. तडा गेलेलं पातं 'चालेल रे' म्हणत लावलेलं दिसलं, तर मी स्वतः काढून घेईन.

चहा-पाव शेडवर मिळेल. उड्डाण नाही, फक्त मोजणी.