बोंडू वेचणाऱ्या काकूंस जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संशोधनातून उद्योग उभा करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठी असलेला एक पुरस्कार यंदा मला मिळाला, हे तुम्हाला कळले आहेच. ते कळल्यावर तुम्ही आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड वाहिलात, हेही माझ्यापर्यंत पोहोचले आहे. समारंभात बोलण्यासाठी मला दोन मिनिटे मिळाली होती. मार्गदर्शक, संस्था आणि परीक्षक यांचे आभार मानण्यातच ती संपली आणि तुमचा उल्लेख राहून गेला. ती चूक मला परतीच्या प्रवासात रात्रभर टोचत राहिली, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचे आणि वाडीचे नाव छापू नये असे तुम्ही बजावले आहे, ते मी पाळते. वेंगुर्ले तालुक्यातली एक वाडी, एवढेच सांगते.

काजूच्या बोंडूच्या रसाचा आपला व्यवहार ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. काजूची बी ज्याच्या टोकाला लटकते, ते रसाळ बोंड, म्हणजेच बोंडू, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ नव्हेच. तो फुगलेला देठ असतो आणि खरे फळ ती बी असते. एक किलो बी हाती येते तेव्हा तिच्यासोबत साधारण 5 ते 10 किलो बोंडू निघतात. बीला व्यापारी आहे, बोंडूला नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, पण आपल्या बागांमध्ये फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याचे ढीग झाडाखाली आंबतात, गुरे थोडेफार खातात आणि उरलेल्यावर माशा बसतात. क जीवनसत्त्वात संत्र्याला मागे टाकणारे हे बोंड टाकून दिले जाते, याची कारणे दोन: त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घसा खवखवतो, आणि झाडावरून उतरल्यावर काही तासांतच ते आंबू लागते. माझी पीएचडी पहिल्या कारणावर होती. दुसरे कारण मी तुमच्या अंगणात शिकले.

प्रयोगशाळेत मी जिलेटिन वापरून टॅनिन खाली बसवत असे. रस नितळ होई, चवही चांगली लागे, आणि माझ्या प्रबंधाला तेवढे पुरेसे होते. तुम्ही पहिला पेला हातात घेतलात आणि विचारलेत की हे जिलेटिन कशापासून करतात. जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून, असे मी सांगितल्यावर तुम्ही पेला खाली ठेवलात. घरात मासे शिजत असले तरी संकष्टीला आणि सोमवारी हा रस कोणी घेणार नाही, आणि उन्हाळ्यात सरबत सगळ्यात जास्त लागते ते उपासाच्याच दिवशी, हे तुम्ही समजावून सांगितलेत. साबुदाण्याच्या पेजेने बोंडूचा रस निवळतो, हे मी वाचले होते, पण गढूळपणा थोडा राहतो म्हणून तो मार्ग मी बाजूला ठेवला होता. त्या दुपारी तुमच्याच चुलीवर पेज शिजली. टॅनिन पेजेतल्या पिष्टाला चिकटून तळाशी बसले, आणि उरलेला गढूळपणा पुढे सूक्ष्म गाळणीच्या पडद्यातून काढता येईल, हे माझ्या लक्षात आले. परीक्षकांनी ज्या प्रक्रियेचे कौतुक केले ती हीच, पेज आणि पडदा या दोन टप्प्यांची.

त्यानंतरचा पहिला हंगाम मात्र आपल्या दोघींना भोवला. दुपारपर्यंत जमिनीवर पडून राहिलेले बोंडू मी घाईने घेतले, बाटल्या भरताना वीज गेली, रसाचे तापमान उतरले आणि यीस्ट जिवंत राहिले. आठवड्याभरात झाकणे फुगली आणि 300 बाटल्या फेकाव्या लागल्या. त्या बाटल्यांच्या खरेदीत तुमच्या बचतीतले पैसे होते. मी तुमच्या ओट्यावर बसून रडले, आणि तुम्ही एवढेच म्हणालात, "झाडां खंय गेलेली नाय, फुडल्या वर्साक परत बघया." दुसऱ्या वर्षी तुम्ही वाडीतल्या बायकांना घेऊन पहाटे साडेपाचला बागेत उतरलात, आंबे काढायच्या झेल्याने बोंडू जमिनीला न लागू देता उतरवलेत, वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीचे लाल आणि वेंगुर्ला-7 चे पिवळे बोंडू वेगवेगळ्या क्रेटमध्ये भरलेत, आणि सूर्य वर येण्याआधी माल माझ्या शेडमध्ये पोहोचवलात. त्या हंगामातली एकही बाटली फुगली नाही. पैसे मात्र तुम्हाला जूनमध्ये मिळाले. त्या चार महिन्यांत तुम्ही एकदाही तगादा लावला नाहीत, आणि मला तेव्हा त्याची किंमत कळलीही नाही.

पुरस्काराच्या अर्जात वय, पीएचडीनंतरची वर्षे, शोधनिबंध, पेटंट आणि उलाढाल असे रकाने होते. तंत्र प्रयोगशाळेबाहेर चालते याचा पुरावा मागणाऱ्या रकान्यापाशी मी अडले. शेवटी तुमच्याकडून पत्र मागितले. तुमच्या नातीने ते लिहून घेतले, आणि त्यात तुम्ही फुगलेल्या बाटल्यांची हकीकतही घातलीत. ती ओळ गाळावी असे मला दोघांनी सुचवले होते. मी गाळली नाही, आणि मुलाखतीतला अर्धा वेळ परीक्षक त्याच ओळीबद्दल विचारत राहिले: काय चुकले, कोणाचे नुकसान झाले, ते कसे भरून दिले. माझ्या मते अशा पुरस्कारांनी प्रत्येक उमेदवाराकडून असे एक पत्र मागावे, कारण शोधनिबंध तपासणारे पुष्कळ आहेत आणि ज्याने पहिल्यांदा स्वतःचा माल आणि पैसा पणाला लावला त्याला विचारणारे थोडे.

शास्त्रज्ञाने कारखाना काढणे आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. माटुंग्याच्या ज्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ-उद्योजक डॉ. केकी घरडा शिकले, तिथून निघालेल्या रसायनशास्त्राची चिमणी त्यांच्या कारखान्याच्या रूपाने खेडजवळ लोट्याला उभी आहे, आणि तेव्हा तरुण शास्त्रज्ञ-उद्योजकांसाठी आजच्यासारखे पुरस्कार नव्हते. आज मार्ग थोडा सोपा झाला आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या नवउद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेकडून कल्पना सिद्ध करण्यासाठी 50 लाखांपर्यंतचे अनुदान मिळू शकते, आणि तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्यांना 11 मे या राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय पुरस्कारही दिले जातात, योगायोग असा की त्या दिवसांत आपल्या बोंडूचा हंगाम आवरत आलेला असतो. मला सर्वांत जवळचे वाटते ते मात्र डॉ. रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण. मूळच्या गोव्यातल्या माशेलच्या या शास्त्रज्ञाने सर्वसामान्यांना परवडणाऱ्या नवकल्पनांसाठी जो पुरस्कार सुरू केला, त्याला आपल्या आईचे, अंजनी माशेलकरांचे, नाव दिले. ज्या हातांनी आपल्याला उभे केले त्यांचे नाव सन्मानचिन्हावर कोरता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

आता व्यवहाराचे. अनुदानाचा रुपया यंत्र, रसायने, पगार अशा ठरलेल्या शीर्षांना बांधलेला असतो. त्यातून विक्रीच्या मालासाठी उचल देता येत नाही. पुरस्काराची रक्कम तशी बांधलेली नाही, आणि ती कशावर खर्च करायची हे मी घरी न विचारताच ठरवले आहे. पहिल्या हंगामात बुडालेली तुमची बचत आधी पूर्ण परत होईल. उरलेल्या रकमेतून वाडीतल्या सर्व बायकांना हंगाम सुरू होण्यापूर्वीच क्रेटच्या हिशेबाने उचल मिळेल, म्हणजे जूनपर्यंत कोणाला थांबावे लागणार नाही. बी तुमचीच राहील, तिच्या दराशी माझा काही संबंध नाही. नातीला हिशेबाची वही ठेवायला सांगा. तिच्या कामाचे पैसे वेगळे.

सन्मानचिन्ह मी शेडमध्ये ठेवलेले नाही. ते पुढच्या खेपेला तुमच्याकडे घेऊन येते. या वर्षी मोहोर लवकर आला आहे असे ऐकते. पहिला बोंडू रंगावर आला की निरोप धाडा, म्हणजे क्रेट धुऊन आदल्या रात्रीच मुक्कामाला येईन.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पेजेचा पहिला पेला तुमच्या ओट्यावर प्यायलेली