अडीच तास पुढे असलेल्या छुप्या कॅमेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: चार्जरच्या आकाराचा छुपा कॅमेरा सदोष निघाल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत व लेखी खुलासा मिळण्याबाबत.

महोदय,

मी बेळगावच्या वडगाव भागात राहते. आमचे आठ यंत्रमाग आहेत. मी, आमचे यजमान आणि सहा कामगार मिळून साड्या विणतो, त्यावरच घर चालतं. दिवाळीआधी तुमच्या कंपनीकडून मोबाईलच्या चार्जरसारखा दिसणारा छुपा कॅमेरा २,४९९ रुपयांना घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या मदत क्रमांकावर दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा यंत्राने पाठवलेला एकच मेसेज आला, आणि नंतर फोनवरच्या मुलाने "सात दिवसांची मुदत संपली, रीसेट करून बघा" एवढं सांगितलं. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

सुताच्या खोलीतून आर्ट सिल्कचे (कृत्रिम रेशमाचे) कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूच्या आकाराची रिळं, कमी व्हायला लागले होते. एकदा तीन, एकदा पाच. आमच्याकडे सगळी माणसं जुनी आहेत. भिंतीवर दिसेल असा कॅमेरा लावला तर सगळ्यांवरच संशय घेतल्यासारखं होईल, कोणाचं मन दुखायला नको, म्हणून छुपा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. घेण्याआधी तुमच्या विक्री विभागातल्या माणसाला मी फोनवर तीन प्रश्न विचारले होते. वीज गेली तर काय होतं? किती रुंद दिसतं? रात्री कसं दिसतं? आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा तरी जाते, पावसाळ्यात तर विचारूच नका, म्हणून पहिला प्रश्न मी दोनदा विचारला. उत्तर मिळालं, "काही होत नाही मॅडम, वीज आली की आपोआप चालू होतो."

चालू होतो, हे खरं आहे. पण कोणत्या वेळेला चालू होतो, ते मला कोणी सांगितलं नाही.

कॅमेरा लावून नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी यजमानांनी चित्रण पाहिलं. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी एक माणूस सुताच्या खोलीत येतो, मांडणीवरचे दोन कोन काखेत मारतो आणि निघून जातो. चेहरा स्पष्ट नव्हता. पण चालण्यावरून आणि खांद्यावरच्या टॉवेलवरून आम्ही ओळखलं. ते आमचे मामा होते. सख्खे नव्हेत, पण माझ्या सासऱ्यांच्या काळापासून, बावीस वर्षं आमच्या मागावर काम करणारे. शेडची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. आम्ही रात्री नऊला मागांचा मेन स्विच बंद करून शेडला कुलूप लावतो. मग ११ वाजता हे आत कसे?

यजमान आणि थोरले दीर यांनी मामांना समोर बसवून विचारलं. मामांनी मोबाईलवर ते चित्रण पाहिलं, आपलीच आकृती पाहिली, आणि त्यांना काही बोलताच येईना. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, बावीस वर्षं किल्ली माझ्याकडं हाय." आणि किल्ली टेबलावर ठेवून गेले. चार दिवस आले नाहीत. त्या चार दिवसांत गल्लीत काय बोललं गेलं असेल, ते तुम्हाला इथं येऊन राहिल्याशिवाय कळणार नाही.

पाचव्या दिवशी दुपारी भाकऱ्या झाल्यावर मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आधी आम्ही तो आवाज बंद ठेवून पाहिला होता. या वेळी मी मोबाईल कानाला लावला. मामा खोलीत येतात तेव्हा मागे मागांचा खटखटाट चालू होता. एक-दोन नव्हे, सगळ्या मागांचा. धोटा इकडून तिकडे जाण्याचा आवाज मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे, त्यात माझी चूक होणार नाही. रात्री ११ वाजता मागांचा स्विच बंद असताना माग चालतील कसे?

माझा भाचा शहरात कॅमेरे बसवण्याचं काम करतो. त्याला बोलावलं. त्याने आमच्यासमोर सगळ्या शेडची वीज बंद करून दहा मिनिटांनी चालू केली. कॅमेरा पुन्हा सुरू झाला. तारीख बरोबर होती, पण वेळ बरोबर अडीच तास पुढे होती. भाच्याने समजावलं की या कॅमेऱ्याच्या आत देशाची सेटिंग धरून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की त्याला कोणत्या देशात आहोत ते आठवत नाही. इंटरनेटवरून तो जागतिक वेळ बरोबर घेतो, पण त्यात चीनची वेळ मिळवतो. चीनचं घड्याळ जागतिक वेळेच्या आठ तास पुढे, आपलं साडेपाच तास. फरक अडीच तासांचा. म्हणजे ११ वाजून १० मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात ८ वाजून ४० मिनिटं. त्या वेळी मामांच्या मागावरचं बाण्याचं (आडवं) सूत संपलं होतं आणि ते नवीन कोन न्यायला आले होते. रोज दहा वेळा येतात तसेच.

तारीख चुकीची असती, १९७० साल वगैरे काही दाखवलं असतं, तर आम्हाला लगेच शंका आली असती. पण तारीख बरोबर, आणि फक्त वेळ अडीच तासांनी खोटी. अशी चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. तुमच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही. ते माहितीपत्रक इंग्रजी आणि चिनी भाषेत आहे. आमच्या भागात लोक मराठी आणि कन्नड वाचतात. दोन्हींपैकी एकही भाषा त्यात नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मामांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. मामी चहा ठेवायला उठल्या, पण मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला नुसतं इच्यारला असता, कुठल्या येळेला आला होता, तर मी सांगितलं असतं की." आता ते पुन्हा कामावर येतात. किल्ली मात्र अजून त्यांनी परत घेतलेली नाही.

आता बाकीचे दोष लिहिते.

खोक्यावर "९० अंश" छापलं आहे. आमच्या सुताच्या खोलीच्या आतल्या कोपऱ्यात कांड्या (धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) भरणाऱ्या बायका कामाआधी साडी बदलतात. म्हणूनच मी किती रुंद दिसतं ते विचारलं होतं. ९० अंशांत फक्त मांडणी आली असती. पहिल्या दिवशी मोबाईलवर पाहते तर सगळी खोली, तो कोपरासुद्धा. भिंती गोल झाल्यासारख्या वाकलेल्या. भाच्याच्या मते भिंग दीडशे अंशांच्या आसपासचं आहे. मी त्याच क्षणी प्लग काढला, बायका यायच्या आधीच, आणि नंतर बाजूला पुठ्ठा लावूनच कॅमेरा चालू केला. मी पाहिलं नसतं तर? खासगी जागेत बाईचं असं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या जाहिरातीत हा चार्जर बेडरूमच्या भिंतीवर दाखवला आहे आणि वर लिहिलं आहे, "कोणालाच कळणार नाही". या कायद्याचं नावसुद्धा कुठे नाही. ही जाहिरात पाहून मला खरोखर राग आला आहे.

रात्रीचं चित्रण "अदृश्य" असतं म्हणून सांगितलं होतं. अंधारात चार्जरवर दोन लाल ठिपके स्पष्ट दिसतात. अंधारात चित्रण करायला कॅमेऱ्यात दिवे असतात, त्यातले ८५० नॅनोमीटर प्रकाशलहरींचे दिवे असे मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी असतो, हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याला आधी माहीत असायला हवं होतं. शिवाय आमच्या शेडमध्ये हवेत सुताचा बारीक तूस उडत असतो. त्या दिव्यांचा प्रकाश तुसावर पडला की पडद्यावर पांढरी भुरभुर दिसते, आणि कॅमेरा त्यालाच हालचाल समजतो. एका रात्रीत मोबाईलवर तीनशेच्या वर सूचना आल्या. हालचाल दिसली की नवी फाइल, कार्ड भरलं की जुनी पुसायची. त्यामुळे कॅमेरा लावल्यावर ज्या आठवड्यात खरोखर पुन्हा कोन गेले, त्या आठवड्याचं काहीच उरलं नाही. चोर कोण, हे आजही आम्हाला माहीत नाही.

कार्डाचंही तसंच. सोबत आलेल्या कार्डावर ६४ जीबी लिहिलं आहे. भाच्याने संगणकावर मोठ्या फाइली भरून तपासलं, तर आठ जीबीच्या पुढे भरलेलं काहीच उघडत नाही. "४ के" म्हणून विकलेल्या कॅमेऱ्याची फाइल १९२० बाय १०८० बिंदूंची, म्हणजे त्याहून बरीच कमी स्पष्ट निघते, आणि दहा फुटांवरचा चेहरा ओळखू येत नाही. ॲपचा पासवर्ड आठ वेळा आठ असा आधीच घातलेला असतो आणि तो बदला असं ॲप एकदाही सांगत नाही. आमच्या घरातलं चित्र आणखी कोणी पाहत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ताही नाही, तो छापणं बंधनकारक आहे.

समजा आम्ही हे चित्रण घेऊन पोलिसांकडे गेलो असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं चित्रण पुरावा म्हणून देताना यंत्र नीट चालत होतं असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. अडीच तास खोटं बोलणाऱ्या यंत्राबद्दल मी काय लिहून दिलं असतं? आणि लिहून दिलं असतं, तर मामांचं काय झालं असतं?

माझ्या मागण्या अशा. २,४९९ रुपये परत मिळावेत. वीज गेल्यावर या कॅमेऱ्याची वेळ चुकते हे तुमच्या सगळ्या ग्राहकांना कळवावं, म्हणजे आमच्यासारखं कोणी दुसऱ्या मामांना समोर बसवणार नाही. भारतात विकायच्या कॅमेऱ्यात भारताचीच वेळ ठरलेली असावी. खोक्यावर खरे अंश आणि खरी क्षमता छापावी, बेडरूमची जाहिरात काढावी, आणि माहितीपत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ते झालं नाही तर आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. राहत्या ठिकाणी तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. "हा धंद्यासाठी घेतलेला माल आहे" असं उत्तर देऊ नये. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, आणि माझ्या हातावर सुताचे वळ आहेत.

शेडमध्ये आता साधा, सगळ्यांना दिसेल असा कॅमेरा लावला आहे, सुताच्या खोलीच्या दाराबाहेर. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी आहे. लावायच्या आधी सगळ्यांना विचारलं. कोणाचंच मन दुखलं नाही. हेच आधी करायला हवं होतं.

शेवटची मागणी पैशाहून मोठी आहे. तुमच्या कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह, मराठीत एक पत्र पाठवा: कॅमेऱ्याच्या घड्याळातल्या दोषामुळे वेळ अडीच तास पुढे दिसली आणि चित्रणातला माणूस कामाच्या वेळेतच खोलीत आला होता. ते पत्र मी सगळ्या कामगारांसमोर शेडमध्ये वाचून दाखवणार आहे आणि मग किल्ली मामांच्या हातात देणार आहे.

सोबत: पावतीची प्रत, खोक्याचे फोटो, स्विच बंद-चालू करून वेळ तपासल्याचा व्हिडिओ, मूळ चित्रण आवाजासह.

आपली ग्राहक,
वडगाव, बेळगाव