सोनूच्या ऑपरेशनआधी

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

तारीख मिळाली, बरं झालं. हृदयातलं भोक बुजवायचं काम सर्जनचं. पोर टेबलापर्यंत बिनसर्दीचं पोचवणं तुमचं. लहान मुलांची ऑपरेशनं ऐन वेळी पुढे जातात ती बऱ्याचदा सर्दी-खोकल्यापायी. कफ असताना भूल दिली की श्वासनळी आवळू शकते, आणि हार्ट-लंग मशीननंतर (ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) फुप्फुसं आधीच थोडी सुजलेली असतात. मग व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. म्हणून आतापासून अंगणवाडी बंद, बारशी-लग्नं बंद. शेजारची शेंबडी पोरं पडवीतूनच परत पाठव, वाईट दिसलं तरी चालेल. ताप, जुलाब, अंगावर पुरळ, काहीही दिसलं तर निघण्याआधी हॉस्पिटलला फोन कर.

किडलेली दाढ याच आठवड्यात दाखव. तिच्यातले जंतू रक्तातून जाऊन हृदयातल्या भोकावर शिवलेल्या नव्या पॅचवर, म्हणजे ठिगळावर, बसू शकतात. लॅसिक्सचं, म्हणजे लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढायचं, सिरप चमच्याने देऊ नकोस, सिरिंजने मोज. घरातले दोन चमचे कधी सारखे नसतात. आणि ते आपल्या मनाने बंद करायचं नाही.

मोफत उपचारांच्या सरकारी फुले योजनेसाठी रेशनकार्डावर सोनूचं नाव चढलंय का, ते आधी बघ. नसेल तर जावईबापूंना तहसीलच्या पुरवठा शाखेत उद्याच पाठव. जन्मदाखला, आधार, टूडी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) सगळे जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेव. मंजुरी आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. रक्तदाते लागतील, ते मुंबईतल्या आपल्या वाडीच्या मंडळाकडून मिळतील. त्यांना सांग, उपाशीपोटी येऊ नका.

पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू धावते, त्यात दरडीचा भरवसा नाही. दोन दिवस आधी पोचा.

आदल्या रात्रीचा उपास हा खरा पेच. साधारणपणे दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण भूलवाले डॉक्टर सांगतील तीच वेळ खरी. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. पेज कितीही पातळ असली तरी ती जेवणच, हे तुझ्या सासूबाईंना नीट समजाव. आजीच्या कनवटीला बिस्किट असतंच, आणि पोर रडायला लागलं की ते बाहेर येतं.

करदोटा, वाळे, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेव. थिएटरमध्ये नाहीतर कात्री लावतात आणि मग तेवढ्यावरून घरात रुसवे. नखांना मेंदी नको, बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्राचा आकडा चुकू शकतो.

चार वर्षांच्या पोराला आठवडाभर आधी सांगून उपयोग नाही, दोन दिवस पुरे. "टोचणार नाही" असं खोटं मात्र बोलू नकोस. "थोडं दुखेल, मग झोप येईल, जागी होशील तेव्हा छातीवर पट्टी असेल," एवढंच सांग. बाहुलीच्या छातीवर पट्टी चिकटवून दाखव.

आयसीयूत पहिल्यांदा बघशील तेव्हा चेहरा सुजलेला असेल, छातीतून साचलेलं रक्त-पाणी काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, लघवीची नळी, मानेत किंवा हातात सुया. ड्रेनच्या नळीतून पहिले काही तास लालसर पाणी येतं, घाबरू नकोस.

घरी याल तेव्हा गणपती तोंडावर असतील आणि घर चाकरमान्यांनी भरलेलं. जो येईल तो सोनूला काखेत हात घालून उचलायला जाईल, तेच होऊ द्यायचं नाही. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे खांद्यांखाली, असंच उचलायचं. जावईबापूंकडून आधी उशीवर करून घे. पुढून बटणांचे सुती झबले घे, घामाचा कपडा लगेच बदल. जखमेवर खोबरेल, हळद, पावडर काही नाही. ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पाणी आलं, धाप लागली किंवा पोर खायचं सोडून मलूल पडलं, तर आरती चालू असली तरी उठून हॉस्पिटलला फोन लाव. पुढे सहा महिने दाताचं काही काम निघालं तर पॅचचं आधी सांगायचं, अँटिबायोटिक लागतं.

मंजुरीचं काय झालं ते कळव.

तुझी,
आई