बँकेतला 'टेलर' शिंपी नव्हे

महोदय,

बँकेच्या खिडकीवरचा 'टेलर' देवनागरीत लिहिला की थेट शिंप्याच्या दुकानात नेतो! हा शब्द 'टेल' या इंग्रजी क्रियापदापासून आला. 'टेल' म्हणजे सांगणे, एवढेच आपल्याला शाळेत पाठ करायला लावले. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ मोजणे असाही होता. म्हणून नोटा मोजणारा तो टेलर. ब्रिटिश संसदेत मते मोजणाऱ्या सदस्यांनाही टेलरच म्हणतात. जर्मनमध्ये आजही 'त्सेलेन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. 'टॉक'ही याच कुळातला. सांगलीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी काळांचे तक्ते घोकून घेताना अधूनमधून असे काही सांगितले, तर मागच्या बाकावरची मुलेही कान टवकारतील.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली