माझी धडधड आणि तुझी

लीड्स, इंग्लंड,
१४ मार्च

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर हे सांगायला घेतलं की तुझा आवाज बदलतो, आणि तो बदलला की मी "काही नाही गं" म्हणून विषय सोडते. गेले चार महिने मी तेच करत आले. माझी मैत्रीण शनिवारी पुण्याला निघते आहे, हे पाकीट ती दादाच्या हातात देईल. बाबांना मोठ्याने वाचायला सांग. आधीच सांगून ठेवते, मी बरी आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय चांगलं आहे. आता पुढचं शांतपणे ऐक.

नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते, मी डाव्या कुशीवर झोपले होते. छातीत एक ठोका चुकला. म्हणजे क्षणभर काहीच नाही, आणि मग आतून कुणी गुद्दा मारावा तसा एक मोठा ठोका. पुन्हा तसंच. उठून बसले तर धडधड सुरू झाली ती थांबेना. मनगटावरचं घड्याळ १२४ दाखवत होतं. बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं, आणि डोळ्यांसमोर आप्पाकाका.

ते गेले तेव्हा तुम्ही सगळे त्यांच्याजवळ होता. मी ते सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. दादाने फोन धरला होता, आवाज तुटत होता, मागे कृष्णेचं पाणी दिसत होतं. तुम्ही घाटावरून घरी आलात, एकमेकांना धरून रडलात. मी लॅपटॉप मिटला आणि साडेआठच्या बसने कामावर गेले. आई, मला तेव्हा रडूच आलं नाही. चोपन्न वर्षांचा माणूस, दोन दिवस "पित्त झालंय" म्हणत सोडा पीत होता आणि तिसऱ्या पहाटे गेला, हे कुठेतरी आत तसंच बसून राहिलं. त्या रात्री वाटलं, आता माझी पाळी.

इथे १११ हा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. जिवावर बेतलं तर ९९९. मी १११ लावला. पलीकडच्या बाईने एकेक प्रश्न विचारला. छातीत दुखतं का, दाब वाटतो का, हातात किंवा जबड्यात कळ जाते का, दम लागतो का, चक्कर येऊन पडलात का, घरात कुणी कमी वयात अचानक गेलं आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी आप्पाकाकांचं सांगितलं आणि तेव्हा मला रडू फुटलं. ती थांबली. मग म्हणाली, आजच तपासून घ्या. पहाटे हॉस्पिटलात ईसीजी झाला आणि रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, ते त्यांनी काही तासांच्या अंतराने दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ठीक. घरी पाठवलं.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून मी निर्धास्त व्हायला हवं होतं, पण झाले नाही. कारण ईसीजीचा तो कागद म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद, आणि माझा ठोका चुकायचा तो दिवसातून कधीतरी. म्हणून इथल्या आमच्या डॉक्टरबाईंनी होल्टर लावायला सांगितलं. छातीला तारा चिकटवतात, त्या काडेपेटीएवढ्या यंत्राला जोडतात आणि चोवीस तास ते अंगावर ठेवायचं. सोबत एक वही. काय वाटलं, किती वाजता, तेव्हा काय करत होते, सगळं लिहायचं.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. होल्टर हे माणसाचं आडनाव, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातले शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी केलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधून न्यावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. त्याआधीचं डच शास्त्रज्ञ आइंथोवेन यांचं ईसीजी यंत्र तर पावणेतीनशे किलोच्या घरात, आणि रुग्णाने दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं, कारण ते पाणीच वीज वाहून न्यायचं. १९२४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. तुम्ही नववीच्या वर्गात बीकरमध्ये मीठ टाकून बल्ब लावून दाखवायचा ना, मला तोच तास आठवला.

होल्टरमध्ये काय निघालं ते सांगते. दिवसभरात हृदयाचे साधारण एक लाख ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याची वीज उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या जागेतून निघते. कधी दुसरीकडच्याच एखाद्या पेशीतून ती आधीच निघते. माझ्या त्या चोवीस तासांत असे साडेतीनशेच्या आसपास ठोके होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, असे थोडेफार जवळजवळ सगळ्यांनाच पडतात, बहुतेकांना कळतही नाहीत.

तुला कसं सांगू? तुमच्या भजनी मंडळात नवी आलेली एखादी बाई टाळ अर्धी मात्रा आधीच वाजवते, मग गोंधळून पुढचा सोडते आणि नंतर समेवर तिचा टाळ जोरात पडतो. तसंच हे. आधी पडलेला ठोका हलका असतो. त्याच्यानंतर जी रिकामी जागा येते तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका गुद्द्यासारखा लागतो. हृदय थांबलं असं मला वाटायचं, त्या क्षणी ते जास्त भरून घेत होतं. डाव्या कुशीवर जास्त जाणवतं, कारण हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं.

आणि आप्पाकाकांचं दुखणं वेगळं होतं, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं. दादाला मळ्यातल्या मोटारीवरून लगेच कळेल. स्टार्टर मध्येच एखाद्या वेळी खटकतो, तो एक बिघाड. पाइपात गाळ साचून पाणीच येईनासं होतं, तो दुसरा. काकांच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. माझा स्टार्टर अधूनमधून खटकतो, पाइप तुंबल्याची काही खूण नाही. मोटारीची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, तीही झाली. पंप उत्तम चालतो.

तरी धडधड गेली नव्हती. हे मला तुला खास सांगायचं आहे, कारण रिपोर्ट हातात आला की भीती जाते असं आपण धरून चालतो. माझी गेली नाही. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा घड्याळात ठोके बघायचे. जिने सोडून लिफ्टने जायला लागले. डावी कूस सोडली. अंघोळीला जाताना फोन आत न्यायचे, न जाणो काही झालं तर. रात्री इंटरनेटवर वाचत बसायचे आणि प्रत्येक पानावर मला काकाच दिसायचे. भीती वाटली की अंगात ॲड्रेनलिन सुटतं, त्याने ठोके वाढतात, वाढलेले ठोके बघून आणखी भीती. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्या मुंग्या आणि ते बधिरपण त्यानेच आलं होतं. कुणीही खोटं काही बोलत नव्हतं, माझं शरीरही नाही. मला खरोखर धडधडत होतं.

हे जुनं आहे, आई. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी तीनशे सैनिकांबद्दल लिहिलं. छातीत धडधड, दम, चक्कर, आणि तपासलं तर बहुतेकांच्या हृदयात मोठा दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात इथल्या ब्रिटिश सैनिकांनाही तेच व्हायला लागलं, हजारोंच्या संख्येने. तेव्हा थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाने त्यांना अंथरुणात न ठेवता हळूहळू वाढत जाणारा व्यायाम द्यायला सुरुवात केली. ते वाचून मला फार हलकं वाटलं. तोफांपुढे उभे राहिलेल्या माणसांचंही काळीज असं वागलं होतं.

मलाही शेवटी तसाच व्यायाम लागला. इथे सरकारी आरोग्यसेवेत मनाच्या उपचारांसाठी आपण स्वतःच नाव नोंदवू शकतो. माझी समुपदेशक दुसऱ्याच भेटीत म्हणाली, चला, जिना चढू. एक मिनिट भराभर चढायचं, ठोके मुद्दाम वाढवायचे, आणि मग खाली बसून ते आपोआप कसे उतरतात ते बघायचं. घड्याळ न बघता. पहिल्यांदा माझे पाय लटपटले. चौथ्या दिवशी मी एकटीने चढले. घड्याळ दोन आठवडे कपाटात ठेवलं. कॉफी एकावर आणली. सर्दीच्या गोळ्यांनीही धडधड होते हे मला माहीत नव्हतं, त्या बंद केल्या. ठोका अजूनही चुकतो, परवाच चुकला. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

आता तुझ्याबद्दल.

पाळी गेल्यापासून, म्हणजे दहा-बारा वर्षं तरी, तू म्हणतेस, "जीव घाबरा होतो." पायरीवर बसतेस, पाणी पितेस, "विचार केला की असं होतं" म्हणतेस आणि उठून कामाला लागतेस. दोनदा डॉक्टरांकडे गेलीस, दोन्ही वेळा टेन्शन घेऊ नका म्हणून परत पाठवलं. मला आत्ता कळतं आहे की तिथे शब्दांनीच घात केला. आपल्याकडे काळजाचा ठोका चुकतो तो भीतीने, धस्स होतं ते वाईट बातमीने. तू "जीव घाबरा होतो" म्हणालीस आणि समोरच्याने "बाई घाबरतात" एवढंच ऐकलं. तुला कदाचित भीती वाटतही नसेल. तुझे ठोके खरंच वाढत असतील, आणि घाबरणं नंतर येत असेल.

म्हणून या वेळी तो शब्द वापरू नकोस. सांग, छातीत धडधडतं. महिन्यातून इतक्यांदा. एकदा सुरू झालं की इतकी मिनिटं. बटण दाबल्यासारखं एकदम सुरू होतं आणि एकदम थांबतं, की हळूहळू चढतं आणि उतरतं, हे नक्की बघून सांग, डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळतं. त्या वेळी वहिनीला तुझी नाडी बघायला सांग. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, आणि एक मिनिट मोजायचं. ठोके एका लयीत आहेत की कसेही पडताहेत, हे लिहून ठेवा. कसेही पडत असतील तर ते लवकर दाखवायला हवं. तुझ्या वयात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरायला लागतात असा एक आजार होतो, त्यात आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि लकवा होतो. त्यावर औषध आहे. वेळेत कळलं पाहिजे, एवढंच.

ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातलं पोटॅशियम आणि साखर. एवढं कराडातल्या कुठल्याही लॅबमध्ये एका सकाळी होतं. हिमोग्लोबिनवर मी जास्त बोट ठेवते आहे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांचं जेवण झाल्यावर जे उरेल ते. रक्त कमी असेल तर हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त ठोके द्यावे लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. तुझं वय त्यापुढे गेलं, पण तुझं ताट तेच राहिलं आहे. थकवा आहे, पायऱ्या चढताना दम लागतो, हे तू मला स्वतः सांगितलं आहेस.

सगळं नॉर्मल आलं तर फार चांगलं. मग आपण दोघी रोज सकाळी फोन लावून तू नदीकडे आणि मी इथल्या कालव्याकाठी, असं एकत्र चालू. पण तपासल्याशिवाय "मनाचे खेळ" कुणालाही म्हणू देऊ नकोस, बाबांनाही नाही.

दादा, हे तुला. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम, किंवा धडधडताना कुणी चक्कर येऊन पडलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि सोडा प्यायचा नाही. १०८ लाव. आप्पाकाकांच्या वेळी आपल्याला कुणालाच कळलं नाही, त्यात तुझा दोष नव्हता. तू अजून स्वतःला बोल लावतोस, असं वहिनी म्हणाली. ये ना एकदा फोनवर, आपण दोघंच बोलू. आणि तूही एकदा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घे. बाबांच्या सख्ख्या भावाचं झालं आहे हे, आपल्या दोघांनाही विसरून चालणार नाही.

वर्षश्राद्धाला मी येते आहे, रजा मंजूर झाली. तेव्हा मला प्रीतिसंगमावर घेऊन चला. मला तिथे थोडा वेळ बसायचं आहे.

या पाकिटात माझ्या ईसीजीची प्रत घातली आहे, बाबांना दाखव, ते लाटा वाचायला लागतील. तुझा ईसीजी झाला की दादाला त्याचा फोटो पाठवायला सांग. पुढच्या सोमवारी उपास आहे म्हणून टाळू नकोस, मंगळवारी जा. वहिनी बरोबर येणार आहे, तिच्याशी मी बोलले आहे.

बाबांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
लेक